वरच्या रांगेतून रायन्सचं पहिलं वर्ष : ह्यूस्टन टेक्सन्सचं २०२३चं सीझन तिकीट

आधी निकाल सांगून टाकतो. ह्यूस्टन टेक्सन्स या आमच्या शहरातल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचं २०२३चं सीझन तिकीट घेतलं, त्याचे पैसे पुरेपूर वसूल झाले. ते वसूल झाले एका माणसामुळे, नवा हेड कोच डिमेको रायन्स. आता सविस्तर लिहितो, कारण इथली मराठी मंडळी भेटली की विचारतात, तिकीट घ्यावं का, कुठल्या मजल्यावरचं घ्यावं, आणि घरी टीव्हीवर दिसतंय तर मैदानात कशाला जायचं.

आमच्या दोन खुर्च्या, एक माझी आणि एक मुलीची. ती अकरावीत आहे. टेक्सन्सच्या घरच्या मैदानात, एनआरजी स्टेडियमच्या सहाशे नंबरच्या मजल्यावर, म्हणजे त्याच्या वर फक्त छप्पर. सरावाचा एक आणि खरे नऊ, असे घरचे दहा सामने. दोघांचे मिळून आमच्या गाडीच्या दोन हप्त्यांएवढे पैसे गेले. पैसे भरले तेव्हा बायको म्हणाली, "तीन वर्षं नुसती हरतेय ती टीम. त्यापेक्षा डिसेंबरात भारतात जाऊन येऊ." तिचं चुकत नव्हतं. २०२० साली चार विजय, २०२१ साली चार, २०२२ साली तीन. तीन वर्षांत मिळून अकरा. २०२१ला डेव्हिड कली कोच होते, २०२२ला लव्ही स्मिथ. दोघांनाही एकेका वर्षात घरी पाठवलं. म्हणजे रायन्स हा तीन वर्षांतला तिसरा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमींच्या नावानंच फुटबॉलचे संघ असतात. लहानपणी आप्पा मला शाहू स्टेडियमवर न्यायचे. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद व्हायची. आता आप्पा ऐंशीच्या घरात आहेत. इथला रविवार दुपारचा सामना संपतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून ते सोमवारी सकाळी चहा झाला की फोन करतात. हे फुटबॉल वेगळं, हातात चेंडू घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. इतकं त्यांना मी सांगितलंय आणि तेवढं त्यांना पुरतं. नवीन कोच आला म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कुठला हाय?"

मी म्हटलं, "इथंच खेळलेला आहे, आप्पा. सहा वर्षं."

"मग वस्ताद घरचा हाय न्हवं? जरा दम धर."

हे खरंच आहे. रायन्स मूळचा अलाबामातल्या बेसेमरचा. २००६ सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात, टेक्सन्सनी त्याला दुसऱ्या फेरीत, तेहतिसाव्या नंबरवर घेतलं. लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू होता, जर्सी ५९ नंबरची. पहिल्याच वर्षी तो साऱ्या लीगमधला सर्वोत्तम नवा डिफेन्सवाला ठरला. २०१२ला त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोत कोचिंगला लागला आणि तिथला डिफेन्स त्यानं सांभाळला. ३१ जानेवारी २०२३ला सहा वर्षांचा करार करून त्याला परत आणलं, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्या दिवशी मी मेडिकल सेंटरमधल्या आमच्या लॅबमध्ये होतो. नळ्या लावता लावता शेजारच्या टेबलावरच्या दोघी रडताना पाहिल्या. लहानपणी त्यांच्या खोलीच्या भिंतीवर त्याचं पोस्टर होतं म्हणे. मी तर २०१४ला इथं आलो, मला तो खेळाडू म्हणून पाहायला मिळालाच नाही. पण ज्या माणसाच्या येण्यानं कामाच्या ठिकाणी डोळ्यांत पाणी येतं, त्याच्यासाठी पैसे घालावेत असं मला त्याच दिवशी वाटलं.

एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये आधी क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आणि आक्रमण चालवणारा, सी. जे. स्ट्राउड दुसऱ्या नंबरवर, आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसऱ्या नंबरवर डिफेन्सवाला विल अँडरसन. दोघेही त्या वर्षी आपापल्या बाजूचे सर्वोत्तम नवे खेळाडू ठरले, पण ते नंतर. सुरुवात काही चांगली झाली नाही. पहिला सामना बॉल्टिमोरला, २५-९ हार. दुसरा घरी कोल्ट्सशी, ३१-२० हार. मुलगी परतीच्या ट्राममध्ये एक शब्द बोलली नाही.

मग १ ऑक्टोबर. पिट्सबर्ग स्टीलर्स. इथून मला या तिकिटाची खरी किंमत कळायला लागली, म्हणून जरा थांबून सांगतो.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. चेंडू डावीकडे गेला की चित्रही डावीकडे जातं, आणि उजवीकडचे पाचसहा जण आपल्याला दिसत नाहीत. सहाशेच्या मजल्यावरून बावीसच्या बावीस जण एका नजरेत दिसतात, कॅरमच्या सोंगट्या दिसाव्यात तसे. रायन्सनं आल्या आल्या टीमला एक शब्द दिला होता, 'स्वॉर्म'. मधमाश्यांचं मोहोळ उठतं ना, तसं. कागदावर अशा घोषणा सगळेच कोच देतात. पण मी वरून बघत होतो. स्टीलर्सचा एक पास डावीकडे बाहेरच्या रेषेजवळ गेला. पकडणाऱ्यापासून आमचा उजवीकडचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे पुढच्या फळीतला कडेचा माणूस, पस्तीसएक यार्ड लांब. त्याचा तिथे काही संबंध नाही, तो पोचेपर्यंत खेळ संपणार हे त्यालाही ठाऊक. तरी तो वळला आणि जिवाच्या आकांतानं पळाला. पळाला तोही एकटा नाही. अकराच्या अकरा निळ्या जर्सी एका ठिकाणी ओढल्या गेल्या, चिमटीत धरून कापड ओढावं तशा. आधीची तीन वर्षं मी याच मजल्यावरून बघत होतो. तेव्हा चेंडू लांब गेला की अर्धी टीम चालायची. हात कमरेवर ठेवून उभे राहणारेही पाहिलेत.

त्या दिवशी मी पुढच्या प्रत्येक खेळात चेंडू सोडून फक्त लांबच्या माणसाकडे पाहिलं. मुलीलाही सांगितलं, तू मोज. ती बोटांवर मोजत बसली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्टीलर्सना चौथ्या प्रयत्नात एकच यार्ड हवा होता. त्यांचा क्वार्टरबॅक केनी पिकेट पास टाकायला मागे सरला आणि जॉनथन ग्रीनार्डनं त्याला तिथंच आडवं केलं. सामना ३०-६. खाली उतरताना मुलगी म्हणाली, "बाबा, एकदाही कोणी चाललं नाही."

या तिकिटाबद्दल मला जे सांगायचंय त्याचा गाभा हा आहे. रायन्सनं नवे डावपेच आणले असतील, त्यातलं मला फार कळत नाही. पण लांबचा माणूस पळायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि ते स्वस्तातल्या खुर्चीवरूनच दिसतं. खाली पन्नास यार्डाच्या रेषेजवळच्या महाग खुर्चीवर मी एकदा ऑफिसच्या कृपेनं बसलो होतो. तिथं आवाज येतो, धडक ऐकू येते, पण सगळं सपाट दिसतं.

मधले सामने भराभर सांगतो. अटलांटात २१-१९नं गेला. घरी सेंट्सना २०-१३ हरवलं. त्याच सामन्यात कारकिर्दीत पहिल्यांदाच स्ट्राउडचा पास समोरच्यांच्या हातात गेला, त्याआधी त्यानं १९१ पास एकही न गमावता टाकले होते. नव्या खेळाडूनं अशी सुरुवात कधी केली नव्हती. मग कॅरोलायनात १५-१३ हार, तीही त्यांना तोवर एकही विजय मिळाला नसताना. ते फार लागलं. आप्पांनी त्या सोमवारी फक्त "असतंय" म्हटलं आणि पावसाचं विचारलं.

५ नोव्हेंबर, टँपा बे बकनीअर्स. हा एक सामना जरी पाहिला असता तरी मी वर्षाचे पैसे आनंदानं दिले असते.

आमचा किकर काइमी फेअरबेर्न मांडीच्या दुखापतीनं बाहेर गेला. किकर नाही म्हणजे फील्ड गोल नाही, म्हणजे लाथेनं चेंडू खांबांच्या मधून मारून मिळणारे तीन गुण नाहीत, आणि टचडाउननंतरचा, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलपट्टीत नेऊन सहा गुण मिळवल्यावरचा, एक गुणही नाही. टीममध्ये दुसरा किकर नसतो. मग पुढे आला डारे ओगुनबोवाले, धावणारा खेळाडू, मुख्य म्हणजे बहुतेक वेळ बाकावर असणारा. चौथ्या क्वार्टरमध्ये २९ यार्डांवरून फील्ड गोल मारायला रायन्सनं त्याला पाठवलं. आमच्या रांगेतले सगळे उभे राहिले. कोल्हापुरात मी एकदा गोली जखमी झाल्यावर बॅक खेळणाऱ्या पोराला हातमोजे चढवताना पाहिलंय, त्या पोराचा चेहरा मला आठवला. डारेनं चार पावलं मोजली, हात झटकले, आणि मारला. चेंडू खांबांच्या मधून गेला. ७० हजार माणसांचा आवाज छपरावर आपटून परत खाली आला. माझ्या खुर्चीचा लोखंडी दांडा थरथरत होता, हाताला कळत होतं.

एवढं होऊनही टँपानं ४६ सेकंद राहिलेले असताना टचडाउन केला, ३७-३३. लोक जिन्याकडे निघाले. आम्ही बसलो. स्ट्राउडनं ७५ यार्ड सहा खेळांत काढले, त्याला ४० सेकंद लागले. सहा सेकंद राहिलेले असताना शेवटचा पंधरा यार्डांचा पास टँक डेलला. डेल हा इथल्याच ह्यूस्टन विद्यापीठातून आलेला, चणीनं लहान, या खेळात एवढा लहान माणूस क्वचितच दिसतो. ३९-३७. स्ट्राउडचे त्या दिवशी ४७० यार्ड आणि पाच टचडाउन, नव्या क्वार्टरबॅकनं एका सामन्यात इतके यार्ड कधीच काढले नव्हते. पण आम्ही दोघं घरी जाताना बोललो ते डारेबद्दलच. कोचनं बाकावरच्या माणसाला असं काम दिलं आणि त्यानं ते केलं, याचा अर्थ आठवडाभर त्या बाकावरच्या माणसाशीही कोणीतरी नीट वागत असणार.

पुढच्या आठवड्यात सिनसिनाटीत ३०-२७, शेवटच्या क्षणी बदली किकर मॅट अमेंडोलाच्या पायानं. मग कार्डिनल्स. मग जॅक्सनव्हिलशी घरी २४-२१ हार. त्याच अमेंडोलाचा ५८ यार्डांचा फटका आडव्या दांड्यावर आपटला आणि परत आला. वरून तो सरळच जाताना दिसत होता. ३ डिसेंबरला ब्रॉन्कोज. ते शेवटी आमच्या गोललाइनपासून आठ यार्डांच्या आसपास आले होते आणि जिमी वॉर्डनं गोलपट्टीत चेंडू पकडून सामना वाचवला, २२-१७. पण त्याच दिवशी डेलचा पाय मोडला. गोललाइनपाशी दुसऱ्याला वाट करून देताना गर्दीत अडकला. गाडीवरून त्याला नेताना अख्खं स्टेडियम गप्प होतं. मुलीनं त्या रात्री जेवण केलं नाही.

आता आमच्या रांगेतल्या आजोबांबद्दल लिहिलंच पाहिजे. माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर २००२पासून, म्हणजे टेक्सन्स सुरू झाल्यापासून, एक गृहस्थ बसतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. डोक्यावर फिकट निळी, कडेला उसवलेली टोपी, त्यावर तेलविहिरीचा मनोरा. ती ऑयलर्सची टोपी. ह्यूस्टनची ही जुनी टीम १९९६च्या हंगामानंतर टेनेसीला गेली. नाव, रंग, विक्रम, सगळं सोबत घेऊन गेली, आणि पुढे तिथं टायटन्स झाली. आजोबांच्या वडिलांनी त्यांना शेजारच्या ॲस्ट्रोडोममध्ये ऑयलर्स दाखवली होती. तो डोम अजून उभा आहे, आमच्या गेटातून दिसतो, आत काही चालत नाही. सामन्याला येताना आजोबा त्याच्याकडे बघून टोपीला हात लावतात.

१७ डिसेंबरला टेक्सन्स टेनेसीत खेळले आणि त्या दिवशी टायटन्सनी मुद्दाम ऑयलर्सचा तो जुना फिकट निळा पोशाख घातला. ह्यूस्टनच्याच विरुद्ध. डोक्याला मार लागल्यानं स्ट्राउड खेळत नव्हता, त्याच्या जागी केस कीनम. तोही ह्यूस्टन विद्यापीठाचा. जादा वेळेत फेअरबेर्ननं ५४ यार्डांवरून सामना काढला, १९-१६. मी घरी बघत होतो आणि सारखा आजोबांचा विचार करत होतो.

पुढच्या रविवारी, नाताळाच्या आदल्या दिवशी, ते भेटले. मी विचारलं, बघितलात का.

म्हणाले, "उभ्यानं बघितला. बसवेना. ते कपडे माझ्या वडिलांचे आहेत."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "डिमेकोला माहीत होतं. तो इथं खेळलाय. त्याला हे कोणी समजावून सांगावं लागलं नसणार."

वस्ताद घरचा असणं म्हणजे काय, ते मला आप्पांच्या फोनपेक्षाही त्या वाक्यानं जास्त समजलं. बाहेरून आलेल्या कोचला तो सामना सतरातला एक. या शहरात तो तसा नव्हता.

त्या दिवशी मात्र क्लीव्हलँडनं आम्हाला घरी ३६-२२ धुतलं. अमारी कूपरनं एकट्यानं २६५ यार्ड काढले. वरून बघताना पहिल्यांदा आमचे बचाववाले त्याच्या मागे उशिरा निघताना दिसत होते. ३१ डिसेंबरला स्ट्राउड परतला आणि टायटन्सना २६-३ हरवलं. ६ जानेवारीला इंडियानापोलिसमध्ये पहिल्याच खेळात निको कॉलिन्सला ७५ यार्डांचा टचडाउन, शेवटी २३-१९. दुसऱ्या दिवशी जॅक्सनव्हिल हरलं आणि दहा विजय, सात हार घेऊन आमची टीम गटात पहिली आली. तीन वर्षांत मिळून अकरा, आणि या एका वर्षात दहा.

१३ जानेवारी, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी, समोर पुन्हा क्लीव्हलँड. याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, सीझनवाल्यांना आधी मिळतं एवढंच. इथं एक सावध करतो. माझ्या मावसभावानं एका ॲपवरून दुसऱ्याचं तिकीट विकत घेतलं. पैसे गेले, पण गेटवर उभं राहिलं तरी फोनवर तिकीट आलंच नाही. तो डॅलसहून चार तास गाडी चालवून आला होता, आणि पार्किंगमध्ये बसून रेडिओवर सामना ऐकला. पैसे दीड महिन्यानं परत मिळाले. तिकीट आपल्या फोनवर दिसल्याशिवाय घरून निघू नका.

मध्यंतराला २४-१४. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको याच्यावर आमचे चौघे चालून गेले, त्यानं घाईनं टाकलेला चेंडू स्टीव्हन नेल्सननं पकडला आणि तो ८२ यार्ड पळाला. पुन्हा मी नेल्सनकडे बघत नव्हतो. बाकीचे दहा जण त्याच क्षणी वळले आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पळायला लागले, वाटेतल्या एकेकाला आडवं करत. ऑक्टोबरमध्ये चेंडूकडे ओढलं जाणारं तेच मोहोळ आता चेंडू घेऊन निघालं होतं. लगेच पुढच्या खेपेला क्रिस्टियन हॅरिसनं फ्लॅकोचाच चेंडू पकडून ३६ यार्डांचा दुसरा टचडाउन केला. ४५-१४. तीन आठवड्यांपूर्वी २६५ यार्ड काढणाऱ्या कूपरला एकही टचडाउन करू दिला नाही. आजोबांनी टोपी काढून मुलीच्या डोक्यावर ठेवली आणि सामना संपेपर्यंत परत घेतली नाही.

तक्रारही लिहितो, कारण आहे. वर्षाची सुरुवात बॉल्टिमोरला झाली आणि शेवटही तिथंच झाला, २० जानेवारीला, ३४-१०. मध्यंतराला १०-१० होतं. पण दोन्ही सामने मिळून आमच्या आक्रमणानं तिथं एकही टचडाउन केला नाही. जानेवारीतला जो एक झाला तो स्टीव्हन सिम्सनं पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेनं लांब उडवलेला चेंडू, परत आणून केलेला. चेंडू घेऊन पळण्याचा खेळ वर्षभर अर्धवटच राहिला. डेव्हिन सिंगलटेरीनं उत्तरार्धात सावरलं, पण मोठ्या डिफेन्ससमोर सगळा भार स्ट्राउडच्या हातावर पडला. रायन्स डिफेन्सचा माणूस आहे, ती बाजू उभी राहिली. दुसरी बाजू अजून राहायची आहे. सर्वोत्तम कोचचा मान त्याला थोडक्यात हुकला, तो क्लीव्हलँडच्या केव्हिन स्टेफान्स्कींना गेला.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. गाडी नेऊ नका, रेड लाइन ट्राम थेट स्टेडियमपाशी सोडते. पारदर्शक पिशवीच आत नेता येते. सप्टेंबरात बाहेर अंग भाजतं, पण छप्पर बंद करून एसी लावतात, वर तर थंडी वाजते, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचं काहीतरी न्या. टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ सारखा थांबतो, साठ मिनिटांच्या सामन्याला तीन तासांच्या वर जातात. लहान मूल असेल तर हा विचार करा. आणि सहाशेचाच मजला घ्या, शक्य तो मधला. चेंडूपासून सगळ्यात लांब असलेल्या माणसावर नजर ठेवा.

फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचा फॉर्म आला. या वेळी बायकोनं फक्त रक्कम विचारली. सोमवारी सकाळी आप्पांचा फोन आला तेव्हा तो फॉर्म माझ्यासमोरच उघडा होता. त्यांना सांगितलं की पुन्हा पैसे भरायचेत.

"वस्ताद ऱ्हातोय न्हवं?"

"राहतोय, आप्पा. सहा वर्षांचा करार आहे, एकच झालंय."

"मग भर की."